कुलूपबंद फोन आणि बाबांना पाठ असलेला नंबर

लिस्बन, मंगळवार

प्रिय लोरेटाताई,

साष्टांग नमस्कार पत्रानेच. माझ्या फोनने मौनव्रत घेतले आहे.

निघायच्या आदल्या दिवशी जुना फोन फुटला, फोनकंपनीने त्याच्या बदल्यात हा दिला. दुसऱ्या कंपनीचे सिम चालू न देणारे जुन्याचे कुलूप मी कधीच काढून घेतले होते. पण पूर्वजन्मीचे पुण्य नव्या देहाला चालत नाही म्हणे! ओहायोत साठ दिवस वापरल्यावरच हा उघडणार. कंपनीचे जाळे इथवर पोचत नाही.

इथल्या सिमच्या दुकानातल्या ग्रासाबाई म्हणाल्या, "मास्तर, इथलं सिम हा घेत नाही. कागदांवर ठेवा, म्हणजे ते तरी उडणार नाहीत!"

तुझा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे.

हॉटेलातून फोन लावतो, तर अनोळखी नंबर म्हणून बाबा उचलत नाहीत. विसरायला लागल्यापासून त्यांना माझा या फोनचा तेवढाच नंबर आठवतो. रोज लावत असतील. मी उचलत नाही म्हणून त्यांनी लावणे सोडले, तर मला विसरतील. त्याचीच भीती वाटते, ताई.

तुझा धाकटा,
वेंडेल