कोरडा टॉवेल

साहेब,

हे पत्र मी टाकणार नाही.

परदेशात आपलं ठरलं होतं, धोका असला की मी बाल्कनीत लाल टॉवेल टाकायचा आणि तो दिसला की ड्रायव्हरनं गाडी न थांबवता पुढे न्यायची. त्या दिवशी टॉवेल टाकूनही गाडी थांबली आणि तिच्यातून उतरलेला आपला माणूस पकडला गेला. "टॉवेल नव्हता हो, दादा," ड्रायव्हर शेवटपर्यंत म्हणत राहिला. तुम्ही म्हणालात, "तू खात्रीचा माणूस. म्हणजे तोच फितूर." गोळी मीच घातली.

आज कपड्यांच्या घड्या घालताना बायको हसली. "तिकडे तुम्ही कोरडाच टॉवेल वाळत घालायचात. खाली पोलीस आले, त्या दिवशी तर मीच तो काढून आत आणला होता."

तिला माझं काम अजून ठाऊक नाही. मी म्हटलं, "बरं केलंस."

तुमचा,
खात्रीचा माणूस