कानाखाली वाजवणाऱ्यास काहीही न देण्याबाबत

मी, वय वर्षे एकाहत्तर, रंगमंदिराच्या वाद्यवृंदातून निवृत्त झालेली व्हायोलिनवादक, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र सांगत आहे. मला डिस्लेक्सिया असल्याने लिहून घेत आहेत वकीलबाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कोणी आणून बघावा.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, आठ वर्षांच्या नातीला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने, दादाच्या विधवा सुनेने, ते सांभाळावे. दादा आजवर याच घरात फुकट राहिला. त्याला एक वीटही मिळू नये.

कारण लिहावे. लहानपणी मला अक्षरे शिकवायचे काम दादाकडे होते. अक्षर चुकले की तो कानाखाली वाजवायचा. एकदा कानातून रक्त येऊन उशी भिजली. आईने उशी उलटी करून ठेवली आणि ओरडली मलाच. डावा कान तेव्हापासून कामातून गेला.

२. व्हायोलिन समोरच्या वाद्यदुरुस्तीवाल्याला द्यावे. व्हायोलिनची मोडलेली मान त्यानेच जोडली होती. ती मोडली अशी: मला स्वरलिपीही वाचता येत नसे, ठिपके कागदावर जागा सोडून हिंडत. म्हणून नव्या नाटकाच्या पहिल्या तालमीला मी गज तारांपासून केसभर वर, हवेतच चालवायची आणि शेजाऱ्याचे वाजवणे ऐकून घ्यायची. दुसऱ्या तालमीला सगळे तोंडपाठ. एका संगीत दिग्दर्शकाने पहिल्याच तालमीत सगळ्यांना थांबवून मला एकटीला वाजवायला लावले. मी गज हवेतच धरून ठेवला. "ठोंबी कुठली!" म्हणत त्याने स्वरलिपीचे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड भिरकावला. व्हायोलिनची मान मोडली, माझी भुवई फाटली. तोच स्टँड उचलून मी त्याच्या तोंडावर हाणला. पुढचे दात गेल्यापासून तो बोलताना शिट्टी वाजते. मला अजून गोड वाटते.

३. माझ्या गाण्यांच्या सगळ्या तबकड्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना द्याव्यात. त्यांनी मला आणि नातीला तपासले. दोन सुरांतला बारीकसा फरक मी चटकन ओळखला, पण भराभर बोललेले आवाज कानात एकमेकांवर आदळले, त्यांचा क्रम टिकेना. नातीचेही अक्षरांत तसेच होते. सुरांत मात्र ती ठार बेसूर आहे. तेव्हा वाचता येत नाही म्हणजे गळा असणारच, असले गोड बोलून कोणी तिला फसवू नये. टाळ्या वाजवत, शब्द तोडून तोडून तिला शिकवावे. काहींना उपयोग होतो, जादू होत नाही, असे बाई म्हणाल्या. ती जन्मभर बेसूर राहिली तरी घर तिचेच.

४. गेल्या आठवड्यात नात वाचताना अडखळली म्हणून दादाने तिच्या कानशिलात भडकावली. मी जपून ठेवलेल्या त्याच लोखंडी स्टँडने त्याचे मनगट मोडले.

"अगं, शिकवतोय मी तिला!" तो किंचाळला. "तूही मारानंच शिकलीस ना?"

"मारानं शिकले नाही, दादा. मारानं बहिरी झाले."

"हात बरा होऊ दे, मग बघतो. तू काय जन्माची पुरणार आहेस तिला?"

नात टेबलाखाली शिरली होती. तिची आई कामावरून येईपर्यंत ती बाहेर आली नाही.

५. इथे वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं."

"आणि तोवर पोरीनं मार खायचा?"

"तसं नाही, पण कायदा..."

"लिही गं तू."

म्हणून दादाला काहीही न देण्याचे कलम मी हयातीतच अमलात आणले आहे. दादाची ट्रंक फुटपाथवर ठेवली असून दाराचे कुलूप आज बदलले आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. खाली दादा दार बडवत असल्याने दोनदा वाचावा लागला. दार कोणीही उघडले नाही.

ठिकाण: राहत्या घराचा वरचा मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
१. (सही) वाद्यदुरुस्तीवाला
२. (सही) कुलूप बदलायला आलेला सुतार