वॉशिंग्टनचा थोरला बाप

मे महिना, १८३५

प्रिय वेसा,

ताईचे तुला, तुझ्या बायकोला आणि लेकरांना पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मागच्या आठवड्यात पोचलं. मिठाच्या गाडीवाल्यानं आणून दिलं. वाटेत कुठंतरी भिजलं होतं, पण वाचता आलं. सगळ्यांना बसवून मी ते मोठ्यानं वाचलं. आई मक्याचे दाणे काढत होती, ती काढून झालेलं कणीसच पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. मामा आमच्याकडं पाठ करून बसला होता. उठून गेला मात्र नाही.

इकडे आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे थंडीत धरले होते, आता ती हिंडती-फिरती आहे. माझ्या सूसीला खोकला झाला होता, तोही उतरणीला लागलाय. मका पेरला, यंदा थोडाच. तू पीचच्या झाडांचं विचारलंयस. थंडी लवकर सरली, तेव्हा फुलली असतील चांगली.

अक्षर गिचमिड वाटलं तर चिडू नकोस. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय.

तू लिहिलंयस, ‘पश्चिमेला येणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षानं कबूल केलेली बंदूक मिळाली, घोंगडी मिळाली, किटली मिळाली. माणूस शब्दाचा पक्का आहे. तुम्ही उगाच हट्टाला पेटून तिथं बसलायत.’ एवढं वाचून मी मामाकडं बघितलं. त्याचे खांदे जरासे हलले. हसला की काय, पाठीवरून कळेना. म्हणून आधी मामाचंच सांगते.

मामा हिवाळ्यात वॉशिंग्टनला जाऊन आला.

हो, आपला मामा! दळणाच्या गिरणीपर्यंत जायचं तर दोन दिवस कुरकुरणारा. आपल्या पुढाऱ्यांची काही माणसं राष्ट्राध्यक्षाला भेटायला निघाली होती. मावशीचा चार्ल्स दुभाष्या म्हणून बरोबर होता. मिशनच्या शाळेत शिकल्यापासून तो इंग्रजी झोपेतही बोलतो. सभेत मामा उठून म्हणाला, “मीपण येतो. तुम्ही त्याला करारांचे कागद दाखवा, मी माझा खांदा दाखवतो.”

कोणी हसलं नाही. त्या खांद्याची गोष्ट आपल्या साऱ्या चेरोकी लोकांना ठाऊक आहे. नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर क्रीक लोकांशी लढाई झाली, तेव्हा आपण गोऱ्यांच्या जनरलच्या बाजूनं होतो आणि त्याच्या तोफा क्रीकांच्या लाकडी भिंतीला काही करू शकत नव्हत्या. मामा आणि आपली आणखी काही माणसं मागच्या बाजूनं नदीत उतरली, गोळ्यांच्या पावसात पोहत पलीकडे गेली आणि क्रीकांच्या होड्या ओढून घेऊन आली. त्या होड्यांतून बाकीचे पार झाले आणि लढाई फिरली. मामाचा डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. संध्याकाळी जनरल जखमींमधून फिरत होता. त्याचाही एक हात गळ्यात बांधलेला होता. मामाच्या डोक्यावर हात ठेवून तो इंग्रजीत काहीतरी बोलला. दुभाष्या जवळ नव्हता. काय बोलला ते मामाला आजवर माहीत नाही, पण ते काहीतरी चांगलंच असणार असं तो वीस वर्षं धरून चालला होता. तोच जनरल आता राष्ट्राध्यक्ष.

वॉशिंग्टनला बर्फ होतं. ही मंडळी रोज स्वच्छ अंगरखे चढवून जायची आणि रोज कोणीतरी सांगायचं, आज त्यांची तब्येत ठीक नाही, आज त्यांना वेळ नाही. शेवटी आपल्यासारख्या ‘इंडियन’ लोकांचं काम पाहणाऱ्या एका अधिकाऱ्यानं आपल्या खोलीत बसवलं. पुढचं सगळं चार्ल्सनं आम्हाला नकला करून सांगितलं. मामा मधूनमधून “असं नाही, तसं” म्हणत होता.

अधिकारी म्हणाला, “राष्ट्राध्यक्ष तुमचे थोरले बाप आहेत. बापाला लेकरांची काळजी असते. ते सांगतायत, इथं गोऱ्यांच्या शेजारी राहिलात तर तुमचं वाटोळं होईल. तुमच्या भल्यासाठीच पश्चिमेला जा.”

मामानं चार्ल्सला विचारलं, “ह्यांच्यात बाप म्हणजे कोण रे?”

“घराचा मालक. तो म्हणेल ते सगळ्यांनी ऐकायचं.”

“मग ह्याला सांग, आमच्यात तसं नसतं. घर आईचं. पोराला वळण लावतो, कान पिळतो, तो मामा. बाप बायकोच्या घरी राहतो. नीट वागला तर त्याला जेवण, नाही वागला तर त्याचं बोचकं दाराबाहेर. तुमच्या थोरल्याला म्हणावं, बाप व्हायची हौस असेल तर आमच्यातला बाप हो.”

चार्ल्स म्हणतो, “मी बोचक्यापर्यंत आलो आणि माझी जीभ अडखळली.” पण त्यानं सांगितलं. अधिकारी मोठ्यानं हसला. माणूस वाईट नव्हता म्हणे, नुसता पगारी होता.

मग आपल्या माणसांनी कोर्टाचं काढलं. त्यांच्याच सगळ्यात वरच्या कोर्टानं निकाल दिलाय, आपल्या जमिनीवर जॉर्जिया राज्याचा कायदा चालत नाही. अधिकारी म्हणाला, “निकाल आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण राष्ट्राध्यक्षांनाच तो पटत नाही, मग राबवणार कोण?”

मग मामा बोलला, अगदी हळू. “त्या लढाईच्या थोडं आधी जनरलनं एका कोवळ्या शिपायाला उभं करून गोळ्या घालायला लावल्या. गोराच होता, त्यांचाच. हुकूम मोडला म्हणून. आम्हाला ते फार लागलं. पण मी मनाशी म्हटलं, कडक आहे, तरी नियम सगळ्यांना एक लावतोय. आता त्याच्या देशाच्या कोर्टाचा हुकूम तोच मोडतोय. त्याला कोण उभं करणार?”

हे मात्र चार्ल्सनं शब्दाला शब्द सांगितलं. अधिकाऱ्यानं दौतीला झाकण लावलं आणि भेट संपली.

बाहेर आल्यावर चार्ल्स म्हणाला, “मामा, काय सुनावलंत!” मामा त्याच्यावरच उखडला. “सुनावून काय झालं? तो भित्रा असता, लुच्चा असता, तर मी इतक्या लांब आलोच नसतो. शिपाई उपाशी होते तेव्हा तोही ओकची फळं चावून राहिला, मी बघितलंय. असला माणूस वर जाऊन बसतो आणि हांजी हांजी करणारे तेवढे जवळ ठेवतो. कोणी वेगळं बोललं की त्याला घरी धाडतो. आपले करारानं ठरलेले पैसे अडवतो, का, तर आपण वकील लावू नये. एकट्याला वाटलं तेच खरं, कोर्ट खोटं, करार खोटे, त्यानं स्वतः सह्या केलेले करारसुद्धा खोटे. शूर माणसाला असं झालेलं बघणं फार वाईट.”



वेसा, आता जे लिहायचं टाळतेय ते लिहितेच.

मामा तिकडे असताना आपलं घर गेलं. जॉर्जियाच्या सरकारनं आपल्या जमिनींची सोडत काढली होती, तुला माहीत आहे. आपला तुकडा टॉलिव्हर नावाच्या माणसाला लागला. एका सकाळी तो बायकोला आणि सामानाच्या गाडीला घेऊन आला, मागं बंदूकवाले चार शिपाई. मी दारातच उभी राहिले. आईनं मला बाजूला केलं आणि दारी आलेल्या कुणालाही देतो तशी आंबवलेल्या मक्याची पेज वाडग्यातून पुढं केली. टॉलिव्हरनं ती उभ्यानंच संपवली, तोंड पुसलं आणि खिशातून सोडतीची चिठ्ठी काढली.

मी ओरडले, शिव्या दिल्या, आपल्या भाषेत आणि येत होत्या तेवढ्या इंग्रजीत. आई नाही ओरडली. टॉलिव्हरची बायको गाडीजवळ खाली मान घालून उभी होती. पोटुशी होती. आई तिच्याजवळ गेली, मनगट धरून तिला मागच्या झऱ्यावर घेऊन गेली, पाणी कुठून भरायचं ते दाखवलं. कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्याला कुठल्या बाजूनं उकरतो ते खुणेनं सांगितलं. ती बाई रडायला लागली. आईनं तिला रडू दिलं आणि आपलं मोठं मडकं उचलून चालायला लागली. वाटेत मी तिला म्हटलं, “तू तिला पाणी कशाला दाखवलंस?” आई म्हणाली, “तिनं चिठ्ठी काढली नव्हती.”

तर हे पत्र मी मावशीच्या घरून लिहितेय, जॉर्जियाच्या हद्दीपलीकडून, टेनेसीतून. एका खोलीत आम्ही नऊ जण आहोत. मका मावशीच्या रानातल्या एका पट्ट्यात पेरलाय. पीचची झाडं फुलली का, ते मला खरंच माहीत नाही.

मामाला हे कळवायला कोणी नव्हतं. तो वॉशिंग्टनहून थेट घरी गेला. भर दुपारी अंगणात आला तर दोरीवर परक्यांचे कपडे. टॉलिव्हर बंदूक घेऊन बाहेर आला. त्याच्या बायकोनं मामाकडं बघितलं, आईच्या तोंडवळ्यावरून ओळखलं असावं, आणि उत्तरेकडं बोट केलं. मामा म्हणतो, “त्याच्या बंदुकीचा मला राग आला नाही. तो बिचारा हसत होता, भीतीनं. त्याला वरून कोणीतरी सांगितलंय, घे, तुझंच आहे. वरचाच असं सांगतो म्हटल्यावर खालचा घेणारच की.” झऱ्याचं पाणी प्यायला आणि निघाला. आमच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या जोड्यांचे तळ गेले होते.

तू पश्चिमेला जायला नाव नोंदवलंस, त्या दिवशी मामानं बजावलं होतं, “ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाही.” दोन वर्षं आम्ही ते पाळलं. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते हातात घेऊन मामासमोर नुसतीच उभी राहिले. आईच म्हणाली, “वाच गं. घरच राहिलं नाही, आता नाव काढायला कसली अडचण?” मामानं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. मग पाठ केली आणि म्हणाला, “मोठ्यानं वाच. मला हल्ली कमी ऐकू येतं.” साफ खोटं. त्याला हरणाचं पाऊल ऐकू येतं.

तू बोलावलंयस त्याबद्दल. नाव नोंदवून घेणारा एजंट इथंही येतो. तोही तुझ्यासारखंच सांगतो, राष्ट्राध्यक्ष दयाळू आहे, मनात आणलं की करतोच. मनात आणलं की करतो, हे खरंच आहे. सूसीचा खोकला वाढला होता तेव्हा मी एकदा एजंटच्या टेबलापर्यंत गेले होते. पुढं चारच माणसं होती. थकलेय रे मी. दुसऱ्याच्या चुलीवर किती दिवस शिजवायचं? माझी पाळी यायच्या आत पाऊस आला आणि त्यानं टेबल आवरलं.

परवा हे मी मामाला सांगितलं. वाटलं, आता माझंही नाव बंद. तो रागावला नाही. बराच वेळ पायाशी काडीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, “जायचं तर जा. पोरं तुझी, घर तुझं, मी कोण अडवणारा? पण आधी वेसाला विचार. त्याच्या दारातून ज्या टेकड्या दिसतात, तिथं त्याच्याआधी शिकार कोण करायचं? त्यांना उठवलं तेव्हा काय सांगितलं होतं? आणि ते आता कुठं आहेत?”

हा मामाचा प्रश्न, जसाच्या तसा.

आता माझा. तू लिहिलंस, टॉम मासे धरायला शिकला, टॉमचे दात पडले. धाकट्या नॅन्सीबद्दल एक ओळसुद्धा नाही. मी पत्र दोनदा वाचलं, कागद उलटा करून बघितला. तुम्ही पश्चिमेला गेलात त्या बोटीवरचे दोघं परत आलेत. ते गोवराचं सांगतात, कितीजणांना नदीकाठी पुरलं ते सांगतात, पण नावं त्यांना आठवत नाहीत. आईला वाचून दाखवताना मी माझ्या मनचं घातलं, की नॅन्सी आता धावते, आणि तुझ्या बायकोच्या मागं मागं असते. आई खूश झाली. मामानं मात्र तेवढ्यापुरतं वळून माझ्याकडं बघितलं.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाठव. पुढचं पत्रही मीच वाचणार आहे, काय मोठ्यानं वाचायचं आणि काय नाही ते मी बघेन. तू तिथून काहीही लिहिलंस तरी इथून आम्हाला ताडून बघता येणार नाही. म्हणून खरं लिही.

तुझी वाट बघणारी, अजून इथंच असलेली,

ताई एल्सी