दोराचं दुसरं टोक

दि. ४ मार्च

ति. दादास,
शेपटाचा सप्रेम सलाम, वि. वि.

अग्निशमन दलाच्या सायरनने तुझे कान खाल्ल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या गल्लीला बातम्या ऐकवणं. म्हणून लिहिते.

तुझ्या डॉक्टरांशी मी बोलले. रक्त गाळायच्या मशीनला जोडून घेणं हे ‘बसल्या बसल्या करायचं काम’ आहे असं तू लिहितोस. डॉक्टर म्हणाले की मशीन तुझ्या हृदयाला मानवत नाही आणि असंच चाललं तर तू वर्ष काढलंस तरी खूप. हे तू लिहिलं नाहीस. विसरला असशील.

तर आता नीट वाच. मी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. दुकानासाठी रिळं आणायला जाते असं ह्यांना सांगून जायचे आणि रिळं न घेता यायचे. त्यामुळे ह्यांना भलताच संशय आला. या वयात आला याचं मला थोडं बरंच वाटलं. असो. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. माझी एक किडनी तुला बसते. आपल्या दोघांचं जन्मात पहिल्यांदा काहीतरी जुळतंय, तेव्हा वाद घालू नकोस.

नर्सबाईंचे गणवेश शिवताना मी आतल्या शिवणीला एक जादा बटण लावून देते. ते कशासाठी असतं हे तुला ठाऊक आहे. देवानेही तोच विचार केला असणार.

होकार कळवावा. नकार कळवायचा असल्यास टपालखर्च करू नये.

तुझी
शेपूट


दि. ११ मार्च

चि. शेपटास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. घरात कुणी नसतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाही म्हणजे नाही. तुला भूल दिली आणि तू उठलीच नाहीस तर मेहुण्यांना मी कोणतं तोंड दाखवू? त्या माणसाला कपाळावरचा चष्मा सापडत नाही. शिवाय तुझ्या लेकीला दिवस गेलेत. तिला आईची गरज आहे, मामाची नाही.

मी नीट विचार केलाय. क्रुसावर प्रभूचा प्राण कुणी हिसकावून घेतला नाही, त्याने तो आपण होऊन दिला. आपल्या माणसासाठी जीव द्यावा यापरतं दुसरं प्रेम नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी तेच करतोय, फक्त लहान प्रमाणावर. तुझ्या जिवाला धोका नको म्हणून मी माझा देतो. येत्या महिन्यात मशीनही बंद करावं म्हणतो. त्यागात अर्धवटपणा बरा दिसत नाही.

सोबत माझ्या अंत्यविधीच्या उपासनेचा क्रम पाठवतोय, नजरेखालून घाल. चार गीतं आहेत, शेवटचं सगळ्या कडव्यांसह म्हणावं. वेगळ्या पार्सलने माझा काळा कोट येईल. वजन उतरलंय, तेव्हा कमरेत आत घ्यावा. घाई नाही, पण फार उशीरही करू नकोस.

तुझ्या हिताचंच लिहिणारा,
दादा


दि. १७ मार्च

ति. दादास,
सलाम, वि. वि.

क्रम पाहिला. चार गीतं फार होतात. शेवटच्या गीताला सात कडवी आहेत आणि तुझ्या दलातली माणसं सुरात गात नाहीत. दोन ठेव. मशीन बंद करायच्या वाक्यावर मात्र मी मुद्दाम काही लिहीत नाही. लिहिलं तर कागद जळेल आणि विझवायला तू लागशील.

कोट मिळाला. तो आत घेतला नाही, कमरेत दोन बोटं सैल केलाय. ऑपरेशननंतर माणसं अंगाने सुटतात असं डॉक्टर म्हणतात.

आता तुझ्या त्यागाकडे वळते. घरात दोघांनाही हुतात्मा व्हायचंय आणि खुर्ची एकच, अशी आपली गत झालीये. पण दादा, प्रभूला मरणाची हौस नव्हती. लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो गर्दीतून सरळ चालता झाला. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देव झेलेल, असं त्याला सैतान म्हणाला होता ते आठव. आणि शेवटी बागेत, हा मरणाचा प्याला टळला तर टाळ, असं त्याने बापाला विनवलं की नाही? दुसरी वाट असती तर त्याने ती धरली असती. तुझ्यासमोर दुसरी वाट पत्र लिहिते आहे आणि तू तिला अ. उ. आ. लिहितोस.

त्याने जीव दिला, टाकला नाही. यातला फरक शिंप्याला सांगावा लागत नाही. टाकलेले तुकडे मी रोज संध्याकाळी झाडते. तू जे करायला निघालायस त्याला आत्महत्या म्हणतात. वर काळा कोट घातला म्हणून नाव बदलत नाही.

ती तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी आठवते? जिना पेटला तेव्हा माझ्यापायी कुणाचा जीव जायला नको म्हणून तिने आतून कडी लावून घेतली. तिचाही त्यागच होता. मग ते दार कुऱ्हाडीने फोडताना तुझा कान भाजला आणि तुझा जोडीदार महिनाभर दवाखान्यात पडला. आठवडाभर जेवायला बसलास की तू एकच म्हणायचास, कडी काढली असती तर दोन मिनिटांत तिघं खाली आलो असतो.

मला एवढंच म्हणायचंय.

कोट बसतो का ते घालून कळव.

शेपूट


दि. २५ मार्च

चि. शेपटास,
अ. उ. आ.

कोट घातला. त्यात मी आणि अजून एक माणूस मावतो.

तू मला ती म्हातारी केलंस. त्याचा राग यायला हवा होता, आला नाही, म्हणून चर्चमधून पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांना सरळ विचारलं की प्रभूचं मरण स्वेच्छेचं होतं की नाही. ते म्हणाले, होतं. मग माझं का नको? त्यांनी चहा मागितला. तो पिऊन झाल्यावर म्हणाले की माणूस दुसऱ्यासाठी मरतोय की स्वतःपासून सुटायला, हे बाहेरून दिसत नाही, त्याचं त्यालाच विचारावं लागतं. मी विचारलं, आणि सुटायला मेलेल्यांचं काय? ते म्हणाले, तो निवाडा माझ्याकडे नाही. मी फक्त जिवंत माणसांची दारं ठोठावतो, आज तुमचं ठोठावलं. मग दुसरा कप मागितला. माणूस बरा आहे, साखर फार घेतो.

ते गेल्यावर मी स्वतःला विचारलं. उत्तर लिहितो, पण मेहुण्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझी वहिनी गेल्यापासून सकाळी डोळे उघडले की मला थोडी निराशा होते. अजून आहेच का, असं वाटतं. मग उठून एक कप विसळतो, तोच कप घेतो, तोच पुन्हा विसळतो. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता जाता येईल आणि वर मोठेपणाही मिळेल. तुझा जीव वाचवण्याचं नाव पुढे केलं, कारण खऱ्या इच्छेचं नाव तेवढं चांगलं दिसत नव्हतं. तेव्हा कडी मीच लावलीये, मान्य.

पण मान्य केलं म्हणून ती निघत नाही. बहिणीचं शरीर चिरून आपण जगायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मी आयुष्यभर लोकांना खांद्यावर घेतलं. कुणाच्या खांद्यावर बसायची सवय नाही.

मशीनला या आठवड्यात जाऊन आलो. पुढच्या आठवड्याचं बघतो.

दादा


दि. ३० मार्च

ति. दादास,
सलाम.

आज चेष्टा नाही.

तुझं पत्र दुकानात वाचलं. एका पहारेकऱ्याच्या पँटची शिवण उसवत होते, ती पार गुडघ्यापर्यंत उसवून ठेवली.

वहिनीची मलाही आठवण येते. ती रागावली की आधी ताटं घासायची आणि मग बोलायची. तू तिच्याकडे जायला निघालास तर ती आधी ताटं घासेल एवढं लक्षात ठेव.

सवय नाही म्हणतोस. दर प्रभुभोजनाला तू रांगेत उभा राहतोस, भाकरीसाठी हात पुढे करतोस आणि दुसऱ्याच्या मोडलेल्या शरीराचा तुकडा घेतोस. तो तुझ्यासाठी मेला हे तू आठवणीतल्या पहिल्या रविवारपासून मान्य केलंयस. तेव्हा म्हणाला नाहीस की नको, तुम्हाला त्रास होईल. तेव्हा भीड वाटली नाही. आता बहिणीचं घ्यायचं म्हटलं तर तुला खांदे आठवतात. तो शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा एकजण असाच अडून बसला होता, माझे कधीच धुवायचे नाहीत म्हणून. त्याला काय उत्तर मिळालं ते तूच माझ्याकडून संडे स्कूलच्या परीक्षेआधी पाठ करून घेतलं होतंस. धुऊ दिले नाहीस तर तुझा माझ्यात वाटा नाही. देणं सोपं असतं दादा, मी करतेय ना. घ्यायला माणूस मोठा लागतो.

तू दलात नवा लागलास तेव्हा माझ्यावर सराव करायचास. माझ्या कमरेला कपड्यांचा दोर बांधून मला अंधाऱ्या माळ्यावर सोडायचास आणि दुसरं टोक धरून खाली उभा राहायचास. एक झटका म्हणजे मी ठीक आहे, तीन झटके म्हणजे ओढा. मी वर गेल्या गेल्या तीन द्यायचे आणि तू हसायचास. सगळ्या नोकरीत तू एकदाही तीन दिले नाहीस याचा तुला अभिमान आहे. निरोप समारंभातही तेच सांगितलंस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, याच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं होतं ना, त्याचा यालाच भरवसा नव्हता.

मला भीती वाटते. आई गेली, बाबा गेले, वहिनी गेली. मला शेपूट म्हणणारा जगात एकच माणूस उरलाय. उद्या तो गेला तर मी नुसती कुणाची तरी बायको, कुणाची आई आणि गणवेश शिवणारी बाई. लहानपणी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तुझ्या मागे धावणारी जी होती, तिची साक्ष द्यायला कुणी नाही.

दोराचं हे टोक माझ्या हातात आहे आणि मी बाहेर उभी आहे. यापुढे विनवणी करणार नाही.

शेपूट


दि. ५ एप्रिल

चि. शेपटास,

तीन झटके.

दादा

ता. क. मशीनला जाऊन आलो. मेहुण्यांना चष्मा दोरीने गळ्यात बांधून दे, तू दवाखान्यात असताना हाल होतील.


दि. १९ मे
खोली पाच, तुझ्याच मजल्यावर

ति. दादास,
आडवा सलाम, वि. वि.

ही चिठ्ठी नर्स आणून देईल. तिच्या गणवेशाची बाही ओढते आहे, बरी झाल्यावर दुरुस्त करून देईन असं कबूल केलंय.

मी ठीक आहे. हसलं की टाके दुखतात, म्हणून ह्यांना खोलीबाहेर बसवलंय. चष्मा गळ्यात आहे, तरी सकाळी टेबलाखाली शोधत होते.

काल संध्याकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले की तुम्ही दिलेली किडनी चालू झाली, तुमच्या दादांना लघवी झाली. दादा, मी ढसाढसा रडले. लोक बाळ झाल्यावर रडतात, लग्नात रडतात, मी तुझ्या लघवीवर रडले. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

तुला ताप आहे असं ऐकते. रात्रभर तुझी काही खबर नाही, आणि विचारलं की नर्स नुसती उशी सारखी करते. लिहायचा त्रास घेऊ नकोस. पण जमलं तर काहीतरी कळव. मी टोक सोडलेलं नाही.

शेपूट


दि. २० मे
खोली नऊ

चि. शेपटास,
अ. उ. आ.

ताप उतरला. नर्स जास्त लिहू देत नाही, आणि पेन तिचंच आहे.

आज सकाळी डोळे उघडले. अजून आहे, असं वाटलं. बरं वाटलं.

काळा कोट घरी गेल्यावर परत पाठवतो, तुझ्या लेकीच्या बाळाच्या नामकरणाला घालेन. दोन बोटं पुरणार नाहीत, अजून थोडा सैल कर. उपासनेच्या क्रमातली दोन गीतं गाळली, उरलेल्या दोनांची घाई नाही.

लोभ असावा असं इथे लिहायची पद्धत आहे. आता ते लिहिण्यात अर्थ नाही. तो आत बसवलाय आणि डॉक्टर म्हणतात नीट चालतोय.

एक झटका.

दादा