थंडी मला वाजत नाही

८ जानेवारी, जेवणानंतर
आजपासून लिहायचं ठरवलं. बोलून उपयोग नाही, या घरात ऐकतं कोण?
हे हॉलमध्ये सोफ्यावर रजईत पडलेत. नुसतं नाक बाहेर. मागच्या हिवाळ्यापासून हाच तमाशा. का, तर बेडरूमची खिडकी मी उघडी ठेवते. ठेवणारच! दिवसभर शीतगृहात मटारच्या पेट्या रचायच्या, तोंडातून वाफा निघेपर्यंत, आणि घरी येऊन कोंदट खोलीत झोपायचं? जीव घुसमटतो माझा. हे बेकरीत भट्टीवर. बारा महिने आगीपुढे उभं राहून माणसाचं लोणी झालंय. जरा वारा लागला की शिंका.
मी सांगून टाकलं होतं, खिडकी बंद होणार नाही. हे म्हणाले, बरं. आणि उशी उचलून निघून गेले. भांडले असते तर परवडलं असतं.
पलंग आता सगळा माझा. ऐसपैस. झोप लागत नाही ती गादीमुळे.

१० जानेवारी
उपाय सापडला. यांना तंबूत नेऊन झोपवायचं. दोन रात्री. एकदा थंडी अंगात मुरली की पक्के होतील. मग गुमान पलंगावर येतील, खिडकी उघडी असो नाहीतर अख्खी भिंत पाडलेली असो.
तळ्याकाठी कॅम्पिंगची जागा आहे, तिथे फोन केला. राखणदार राँग नंबर म्हणून ठेवतच होता. ताई, ऑफ सीझन आहे, म्हणाला. मी म्हटलं, म्हणून तर! गर्दी नाही, डास नाहीत, शेजारच्या तंबूतली गाणी नाहीत, पोरांची रडारड नाही. लोक उन्हाळ्यात जातात, घामानं निथळतात आणि त्याला मजा म्हणतात. राखणदारानं तारीख दोनदा विचारून घेतली. पटलं असणार.
यांना सांगितलं. वाटलं होतं, हातपाय गाळतील. म्हणाले, बरं.
या माणसाच्या 'बरं'चं मी एक दिवस लोणचं घालणार आहे.

१३ जानेवारी
लेकीकडून तंबू आणला. फुकटचे सल्ले पण आणले. म्हणते कशी, आई, या दिवसांत कुत्रंसुद्धा बाहेर झोपत नाही. मी म्हटलं, कुत्रं शीतगृहात कामाला नसतं. तंबू कसा लावायचा त्याचा व्हिडिओ दाखवत होती. हिला चमचा धरायला मी शिकवलं आणि ही मला व्हिडिओ दाखवणार.
कामावर सगळ्यांना कळलंय. मी फक्त रेडिओला सांगितलं होतं. रेडिओ म्हणजे आमच्या पॅकिंगमधली बाई, तिला सांगितलं की वेगळी जाहिरात लागत नाही. म्हणाली, कंपनीचं जॅकेट तरी घेऊन जा. मी सुनावलं, जॅकेट तुला लागतं. मी नियम आहे म्हणून घालते. बूट, हातमोजे, कानटोपी, सगळं नियम म्हणून. थंडी मला वाजत नाही.
तर म्हणे, पण आपण आत थोडा वेळच असतो, मग बाहेर येऊन चहा पितो. आणि आत असतो तेव्हा पेट्या उचलत असतो.
काहींना खोट काढल्याशिवाय घास गिळवत नाही.

१७ जानेवारी
सामान भरलं. माझं: एक शाल. यांचं: दोन स्वेटर, मफलर, लोकरी मोजे, रजई आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. पिशवी! बाळंतपणाला निघालेत जणू. मी ती काढून कपाटावर टाकली. रजई राहू दिली, मी काही राक्षस नाही.

१८ जानेवारी, दुपार
पोचलो. जागा झकास. अख्खं मैदान आपलं. नळाला पाणी नाही, तळ्यावरून बादली आणायची. तेवढाच व्यायाम. कँटीनला कुलूप. अर्ध्या संडासांना कुलूप, उरलेल्यांना कडी नाही. शांतता मात्र अस्सल. पक्षीसुद्धा नाहीत, किलबिल करून डोकं उठवायला.
तंबू मी एकटीनं लावला. एक दांडी उरली. चांगली कंपनी एखादी जास्तीची देते.

१८ जानेवारी, संध्याकाळ
स्टोव्ह पेटेना. गॅसचा डबा गारठला होता. हे तो स्वेटरच्या आत घेऊन बसले, अंडं उबवावं तसे. मग पेटला. तो तसाही पेटणारच होता.
आता बाहेर शेकोटी केलीय. ओल्या लाकडाची. आगीशी काय, यांचं जन्माचं नातं. राखणदार येऊन बसलाय, दादा दादा करतोय. आणि आमचे हे बोलतायत! पाव फुगतो कसा, भट्टीची धग हातानं ओळखायची कशी, सगळं रंगवून सांगतायत. मधेच हसलेसुद्धा. एवढं बोलणं सोफ्यावर गेल्यापासून माझ्या वाट्याला आलेलं नाही.
मला दोनदा हाक मारली. गेले नाही. धुरानं डोळे चुरचुरतात. तंबूत बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, पेन भिकार आहे.

१९ जानेवारी, सकाळ
रात्री काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर हे लेकीला भलतंच सांगतील.
झोपताना मी तंबू नीट बंद केला. चेन वरपर्यंत, छताजवळची जाळीची झडप बंद, खालच्या फटींत टॉवेल कोंबले. शीतगृहाचा पहिला नियम, दार घट्ट. बोटभर फट राहिली की सुपरवायझर सगळ्यांचा उद्धार करतो. हे म्हणाले, अगं, वरची झडप जरा उघडी ठेव, आपल्या श्वासाचं पाणी होईल. मी म्हटलं, भट्टीवाल्यांनी थंडीतलं शिकवू नये. त्यावर हे म्हणाले, घरी खिडकी उघडी पाहिजे नि इथे झडपही चालत नाही?
मी म्हटलं, ते वेगळं. का वेगळं, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.
पहाटे तंबूत पाऊस. बाहेर कोरडं ठणठणीत, चांदणं पडलेलं, आणि आत छत गळतंय. थेंब नेम धरून माझ्या कपाळावर. शाल चिंब. मी यांना हलवून सांगितलं, हे तुमच्या घोरण्यानं झालंय, एका माणसानं एवढा श्वास सोडायचा असतो का? माझे दात वाजत होते. रागानं. राग आला की माझे दात वाजतात, हे मला नवीनच कळलं.
यांनी उठून झडप उघडली आणि बाहेर गेले. रुसले वाटतं, म्हटलं, रुसा. थोड्या वेळानं आत आले आणि माझ्या पायाशी काहीतरी गरम सरकवलं. ती रबरी पिशवी! कपाटावरून काढून परत सामानात घातली होती, चोरून. शेकोटीवर पाणी तापवून आणलं होतं.
मी पाय पिशवीवर ठेवले. तापवलेलं पाणी वाया कशाला घालवायचं.

१९ जानेवारी, दुपार
दुसरी रात्र रद्द. कामावर माल यायचाय, माझ्यावाचून अडेल. हे म्हणाले, अगं, पण तुझी तर रजा आहे. मी म्हटलं, रजा असली तरी मला जबाबदारी असते. मग हे तंबू पुसता पुसता, मान वर न करता म्हणाले, मला राहायला आवडलं असतं.
मी रागात म्हणून गेले, मग राहा!
म्हणाले, बरं.
एकटी बसमध्ये बसून आले. बसची खिडकी लावून घेतली. धूळ येते.

२१ जानेवारी
ताप. नाक बंद. रेडिओकडून लागला असणार, ती सारखी शिंकत असते.
हे काल आले. गाल लाल, चालण्यात रुबाब. राखणदारानं परत बोलावलंय म्हणे. म्हणजे माझा बेत फत्ते! माणूस पक्का झाला. आता आज ना उद्या उशी घेऊन पलंगावर.
खिडकी लावून घेतलीय. डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरकडे गेले नाही, पण गेले असते तर हेच सांगितलं असतं.

२४ जानेवारी
यांनी गच्चीवर तंबू लावला. उरलेल्या दांडीसकट. रोज तिथेच झोपतात. मी विचारलं, हे काय नवीन खूळ? तर म्हणाले, हॉलमध्ये जीव घुसमटतो.
माझंच वाक्य! मलाच!
मी म्हटलं, बेडरूम आहे की, मोठी. हे म्हणाले, तिथे खिडकी बंद असते.
लेकीचा फोन आला. बाबांना झालंय काय, म्हणाली. मी म्हटलं, पक्के झालेत. मीच केलं. बराच वेळ हसत होती.

२७ जानेवारी, जेवणानंतर
खिडकी उघडून पाहिली. दाखवायला. हे काही खाली आले नाहीत. परत लावली, दात वाजायला लागले. राग अजून गेलेला नाही.
बाहेर वारा सुटलाय. तंबू लेकीचा आहे, फाटला तर बोलणी मला. शिवाय वरची झडप उघडी आहे की नाही, कोण बघणार? हे विसरभोळे. एकदा जाऊन बघून यायला हवं.
रबरी पिशवी भरून घेतलीय. कंपनीचं जॅकेट धुवायला घरी आणलं होतं, ते घातलंय. नियम म्हणून. उशी पण घेतली आहे. झडप बघायला वेळ लागू शकतो.