उत्तर क्रमांक चार

सोमवार, ४ तारीख

लागली एकदाची नोकरी! नवं गाव, नवी खोली आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम. दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, एका चाकाने लंगडणारी खुर्ची. लोकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची. उत्तरं तयारच असतात, त्यांना क्रमांक आहेत. आपण फक्त क्रमांक निवडायचा. डोकं घरी ठेवून आलीस तरी चालेल, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं. कोपऱ्यात एक काका बसतात. माणूस काय शोधतो ते त्याच्या यंत्राबाहेर जात नाही, ही सोय त्यांनीच केलेली म्हणे.

ताईच्या लॅपटॉपवर आमचाच ब्राउझर निघाला, नवरा-बायकोने मिळून काढलेल्या जुन्या खात्यासकट. त्यात तिचे शिवणाचे सगळे नमुने आहेत, म्हणून ते खातं तिला सोडवत नाही. भावोजी म्हणायचं मी सोडलंय त्याला. चार महिन्यांपूर्वी त्याने तिचं डावं मनगट मोडलं, आणि ती डावखुरी. आम्ही कुठे आहोत हे त्याला ठाऊक नाही. यातून त्याला काही कळणार नाही ना, असं ती दोनदा विचारत होती. मी म्हटलं, अगं, निर्धास्त राहा, आता मीच आहे तिथे. तिच्या फोनवरही तोच बसवून दिला.

गुरुवार, १४ तारीख

कंपनी विकली गेली. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने घेतली. सगळ्यांना नवे मग वाटले. माझ्या मगाचा कान तुटका निघाला. माझं नशीबच थोर!

ईमेलचा नुसता पाऊस. आता तुमच्यावर विश्वास ठेवायचा का, हाच प्रश्न शंभर तऱ्हांनी. आम्ही पाठवायचं उत्तर क्रमांक एक : मालक बदलले, बाकी काहीही बदललेलं नाही. चहाच्या किटलीपाशी काका म्हणाले, घर विकलं की किल्ल्याही जातात, पोरी. संध्याकाळी राजीनामा देऊन गेले. मी मनात म्हटलं, म्हातारं माणूस, कुरकुरणारच.

वापरत राहू ना, असं ताईने विचारलं. तिलाही उत्तर क्रमांक एकच दिलं.

बुधवार, २० तारीख

नवं अपडेट आलं. आता एका खात्यावरची सगळी यंत्रं आपोआप जोडली जातात, म्हणे लोकांच्या सोयीसाठी. मला तेव्हाच सुचायला हवं होतं ना काहीतरी? पण दिवसाला दीडशे ईमेल. मान धरली, डोळे चुरचुरतात, तिसऱ्या ओळीनंतर कुणाचं वाचवत नाही.

दुपारी एक बिनतक्रारीचा आला, म्हणून बरं वाटलं. एक गृहस्थ. घरच्या संगणकावर त्यांनी कधी न शोधलेल्या गोष्टी दिसायला लागल्यात. राग नाही, उलट आनंद आहे. फक्त पूर्ण यादी कशी पाहायची तेवढं सांगा. फार सभ्य भाषा. उत्तर क्रमांक चार पाठवलं : इथे दाबा, इतिहास आणि ठिकाणं दोन्ही दिसतील. शेवटी 'आपला दिवस आनंदात जावो' हे मी पदरचं घातलं.

मंगळवार, २६ तारीख

काही लिहायचं त्राण नाही. ताईने आज नव्या कात्रीने पहिल्यांदा कापड कापलं. मनगट दुखलं, पण हसली. किती दिवसांनी हसली.

गुरुवार, २८ तारीख. दुपारी पावणेदोन

घरी आहे. धावत आले. लिहिल्याशिवाय डोकं ताळ्यावर येणार नाही.

त्या गृहस्थांचा आभाराचा ईमेल. सोमवारी आलेला, मी आज उघडला. मागे तीनशे साचले होते. तुमच्यामुळे हरवलेलं माणूस सापडलं, असं लिहिलंय. सोबत यादीचा फोटो. डावखुऱ्यांची कात्री. मनगटाचे व्यायाम. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या बसचं वेळापत्रक.

सोमवारी. म्हणजे तीन दिवस —

दोन वाजले

ताई पिशवी भरतेय. शिवणाची वही सापडत नाही म्हणून पुन्हा आत गेली. अगं मरू दे ती वही!

खात्यातून बाहेर पडता येत नाही. खात्याच्या मालकाची परवानगी लागेल म्हणतंय. मालक तो.

पोलिसांना फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले. गाडी बोलावलीय, तिला अजून दहा मिनिटं.

ताईला एवढंच सांगितलंय की त्याला पत्ता कळला. कुणी सांगितला, ते नाही सांगितलं.

दोन वाजून सात मिनिटं

लॅपटॉप बंद केला. तिचा फोन विसरले. आत्ता वाजला. पडद्यावर — तुमचं दुसरं यंत्र जवळ आहे. जोडायचं का?

नाही दाबलं. दोनदा नाही दाबलं.

जोडलं, म्हणतंय.

खाली फाटक वाजलं. गाडी असेल. गाडीच असेल, पण हॉर्न नाही —

जिन्यावर पावलं. ताई माझा दंड धरून उभी आहे. विचारतेय, तू तर तिथेच होतीस ना गं, मग त्याला कुणी —

ताई, मी