फर्बेलोविरुद्ध ठराव

थॉर्नक्लॉ, यॉर्कशर
मे १८७१

वडील भगिनी डॉर्कस अक्का हिला धाकट्या एनॉकचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? हंसाची चरबी चोळतेस ना, की पुन्हा त्या फिरत्या वैद्याच्या बाटलीवर भरवसा ठेवलास? माझा खोकला आहे तिथेच आहे. आता चष्मा नीट धर. मी लग्न करतोय, तामार बॅराक्लफशी. (हो, तीच, खाटीक बॅराक्लफची विधवा. हसू नकोस, पन्नाशी उलटल्याचं मलाही भान आहे.)

अडचण एकच होती. ज्या बाईकडे चॅपलच्या सभासदत्वाचं तिमाही तिकीट नाही तिच्याशी चॅपलच्या कारभाऱ्याने लग्न करायचं नाही, असा आपला रिवाज. आणि तामारचं तिकीट अडवलं होतं कारभाऱ्यानेच, म्हणजे मी. जानेवारीच्या बैठकीत मी ठराव मांडला की चॅपलमध्ये कुणी फर्बेलो घालून येऊ नये. (तोवर मी तामारच्या हातचं कांद्याचं पुडिंग खाल्लेलं नव्हतं, हे ध्यानात घे.) शब्द आपल्या बाबांच्या तोंडचा. आईच्या टोपीची रिबीन, शेजाऱ्याच्या घोड्याची पितळी फुलं, धर्मगुरूंचं लांबलेलं प्रवचन, सगळंच त्यांच्या लेखी फर्बेलो, आणि म्हणायचे असं की जणू बुटाला शेण लागलंय. हल्लीच्या पोरांना तो ठाऊकही नाही. पण पाप आहे म्हटल्यावर 'म्हणजे काय हो' असं विचारणार कोण? झाडून सगळ्यांनी हात वर केले. पुढच्या रविवारी एकीने कानातले काढून ठेवले, एकाने मिशा उतरवल्या, आणि सायलस म्हाताऱ्याने चष्माच घरी ठेवून भलतंच स्तोत्र म्हटलं. शेवटी मला व्याख्या लिहून द्यावी लागली: कपड्यावर शिवलेली पण काही काम न करणारी वस्तू म्हणजे फर्बेलो. मला ती व्याख्या फार आवडली.

तिच्यात पहिली सापडली तामार. तिच्या झग्याच्या घेराला निळ्या चुणीदार झालरीच्या तीन ओळी. तिकीट थांबलं, तशी ती तडक बैठकीत आली.

"एनॉकराव, जरा पाठ फिरवा बघू."

"कशाला?"

"फिरवा तर. तुमच्या कोटाच्या मागे ती दोन बटणं आहेत ना, ती काय धरून ठेवतात हो?"

मी म्हटलं, "ती असतातच कोटाला."

"मग माझी झालरही असतेच झग्याला."

सायलसने चष्मा चढवून माझी पाठ न्याहाळली आणि म्हणाला, "नियम तो नियम. ह्याचंही तिकीट अडवा."

अशा रीतीने आम्ही दोघं परक्यांसाठी राखलेल्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे दारातून बोचरा वारा येतो. प्रेमाबिमातलं मला कळत नाही, पण वाऱ्याच्या बाजूला मी बसू लागलो आणि तिच्या शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर येऊ लागलं. तिथेच मी विचारलं आणि ती हो म्हणाली. मग मी बटणं कापली. गेल्या रविवारी तामारही, मी चकार शब्द काढला नसताना, झालर उसवून आली. दोघांना तिकिटं मिळाली. ठरावाचा विजय झाला, लग्न जूनमध्ये आहे. तुझे आशीर्वाद असावेत.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
एनॉक

ता. क. बटणं होती तिथे न विटलेल्या कापडाचे दोन काळे गोल उमटलेत. प्रार्थनेच्या वेळी पोरं डोळे उघडे ठेवून माझ्या पाठीकडे बघतात.

ता. क. (पत्र लिहिलं ते खरं यासाठी.) त्या रविवारी तिकीट घेऊन ती बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडली आणि त्या सगळ्या करड्या झग्यांत मला ती सापडेना. वाटेत म्हटलं, झालर परत लाव. म्हणाली, "आता कशाला? तुम्हाला नको होती ना?" रागावली असती तर बरं झालं असतं. अक्का, मला फार वाईट वाटलं. तर हॅलिफॅक्सच्या बाजारातून निळी झालर पाठव, रुंद, भरपूर चुण्यांची, लग्नाच्या झग्याला पुरून उरेल एवढी. माझं नाव काढू नकोस. नणंदेचा आहेर म्हणून पाठव. मग तिला नाही म्हणता येणार नाही, आणि तो तू पाठवलाय म्हटल्यावर अडवायची बैठकीत कुणाची छाती नाही, कारभाऱ्याची तर मुळीच नाही.